तुरुंगाच्या खात्यावर जमा काय?

मंडाले नसते तर 'गीतारहस्य' नसते, हे वाक्य सांगली-मिरजेत मी इतक्या व्याख्यानांत ऐकले आहे की वक्त्याने 'मंडाले' म्हटले की पुढचे श्रोतेच पुरे करतात. मागोमाग अंदमान आणि 'कमला', नाशिकचा तुरुंग आणि 'श्यामची आई', धुळे आणि 'गीता प्रवचने' अशी यादी येते, टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होते. आता या यादीला पियानोही येऊन मिळाला आहे. सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही काही मंडळी अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमून पाश्चात्त्य संगीत ऐकतो. तिथे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी, ज्यांना आम्ही सगळे 'सर'च म्हणतो, राजकीय कैदेत रचलेले पियानोसंगीत ऐकवले. निवड उत्तम होती. पण सोबत त्यांनी एक छापील टिपण वाटले, आणि त्यात असे म्हटले की तुरुंगाने पियानोला जे दिले ते राजाश्रयालाही देता आले नाही. त्या टिपणाला हे उत्तर आहे. सरांचा व्यासंग माझ्या कितीतरी पुढचा. पण व्यासंगाने मांडलेली चूक जास्त दूर जाते, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी त्यांचे म्हणणे नीट मांडतो. एक, एकांत: बाहेरच्या जगाचा तगादा सुटला की मन एका ठिकाणी ठरते. दोन, यातना: भोगल्याशिवाय कलेला खोली येत नाही. तीन, खुद्द कैद्याची साक्ष: व्हिक्टर उलमानने टेरेझिनच्या छावणीतच लिहून ठेवले आहे की या जागेने माझ्या संगीताला बाधा आणली नाही, उलट ते वाढवले. पहिले दोन मुद्दे आपल्याकडे कीर्तनापासून अग्रलेखापर्यंत सर्वत्र भेटतात. तिसरा मात्र भक्कम आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

सुरुवात रशियन संगीतकार व्सेवोलोद झादेरात्स्कीपासून करू, कारण सरांची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. जन्म १८९१. यादवी युद्धात तो देनिकिनच्या श्वेत सैन्यात अधिकारी होता. सोव्हिएत राज्यात जन्मभर पुरायला हा एवढा डाग बस्स होता. १९३७ साली यारोस्लाव्हलमध्ये त्याला अटक झाली. आरोप फॅसिस्ट संगीताच्या प्रचाराचा: त्याने वाद्यवृंदाकडून वाग्नर आणि रिचर्ड स्ट्राउस वाजवून घेतले होते. शिक्षा दहा वर्षांची, पत्रव्यवहाराला बंदी, रवानगी कोलिमाला. कोलिमा म्हणजे सैबेरियाच्या ईशान्य टोकाचा सोन्याच्या खाणींचा मुलूख, जिथून परतणाऱ्यांपेक्षा तिथेच गाडले गेलेल्यांच्या गोष्टी जास्त ऐकू येतात. तिथे त्याने पियानोसाठी चोवीस प्रील्यूड आणि फ्यूग लिहिले.

हे काम काय आहे, ते ज्यांनी कधी फ्यूग ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्यूगमध्ये एक छोटी धून एकटी सुरू होते. ती संपते न संपते तोच दुसरा आवाज तीच धून वेगळ्या पट्टीवर उचलतो आणि पहिला तिच्या भोवती काहीतरी वेगळेच विणू लागतो. मग तिसरा, कधी चौथा. दोन हातांनी, दहा बोटांनी हे सगळे एकाच वेळी वाजवायचे. प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे अर्थपूर्ण हवा आणि सगळे मिळून सुसंगतही हवेत. बारा स्वर, प्रत्येकाची मेजर आणि मायनर अशी दोन रूपे, मिळून चोवीस. बाखने अठराव्या शतकात असे दोन संच केले, ते आजही प्रत्येक पियानोवादकाची रोजची पूजा आहेत. शोस्ताकोविचने आपला संच १९५०-५१ साली लिहिला आणि तो जगभर गाजला. झादेरात्स्कीने हेच काम त्याच्या दहाबारा वर्षे आधी, समोर पियानो नसताना, पेन्सिलीने, तारेच्या कोऱ्या फॉर्मवर आणि हाताला लागतील त्या कागदांवर केले. त्याच्या मुलाने सांगितलेली हकिगत अशी की हा माणूस गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत होता, कैद्यांबरोबर पहारेकरीही ऐकायला बसायचे, आणि त्या जोरावर त्याने कागद मिळवला. अट एकच: शब्द लिहायचे नाहीत, नुसते स्वर.

इथवर सर आणि मी बरोबर आहोत. यापुढे फाटा फुटतो. सरांच्या टिपणात १९३७ आहे, १९३९ची सुटका आहे, पण १९२६ नाही. १९२६ साली झादेरात्स्कीला पहिल्यांदा अटक झाली होती, आणि त्या वेळी त्याने तोवर लिहिलेले सगळे, अक्षरशः सगळे संगीत नष्ट केले गेले. तिशी ओलांडलेल्या, उत्तम शिक्षण घेतलेल्या संगीतकाराची सगळी हस्तलिखिते गेली. त्यात काय होते हे आता कुणीही सांगू शकत नाही. म्हणजे त्याच राज्याने, त्याच माणसाला, दोनदा पकडले. पहिल्या खेपेला सगळे जाळले. दुसऱ्या खेपेला पेन्सिलीचे तुकडे हातात राहू दिले. आपण दुसऱ्या खेपेचे आभार मानायचे आणि पहिली विसरायची? जमाखर्चाच्या वहीत एकच बाजू भरून 'नफा झाला' म्हणणाऱ्या मुनिमाला आपल्या बाजारपेठेत कुणी दुसऱ्या दिवशी गादीवर बसू देणार नाही.

आणि नावे पडलेली रक्कम १९२६वर थांबत नाही. सुटल्यावरही त्याचा पिच्छा सुटला नाही. हयातीत त्याची एकही रचना छापली गेली नाही. १९५३ साली तो ल्व्होव्हमध्ये वारला. कोलिमातला हा संच पूर्ण स्वरूपात जाहीरपणे वाजला तो २०१४च्या डिसेंबरात, मॉस्कोत. पंचाहत्तर वर्षे! एखादी रचना इतकी वर्षे न वाजणे म्हणजे काय होते? तिच्यातून शिकून पुढे जाणारे विद्यार्थी झाले नाहीत, तिला उत्तर देणाऱ्या रचना झाल्या नाहीत, तिच्यावर वाद झाले नाहीत, स्वतः संगीतकाराला ती ऐकून 'इथे जमले, इथे फसले' म्हणता आले नाही. पियानोवर लिहिणारा माणूस बोटांखाली ऐकतो, खोडतो, पुन्हा लिहितो. त्याच्याकडून हे काढून घेतल्यावरही त्याने डोक्यात ऐकून लिहिले, यातले श्रेय कुणाचे? ज्याने काढून घेतले त्याचे नक्कीच नाही.

आता टेरेझिन. प्रागच्या उत्तरेचे हे जुने लष्करी गाव नाझींनी ज्यूंची छावणी केले. सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे तिथून गेली. तेहतीस हजारांच्या आसपास तिथेच मेली, आणि जवळजवळ अठ्ठ्याऐंशी हजारांना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत धाडले गेले. सुरुवातीला वाद्ये बाळगायलाही बंदी होती. पुढे पहिला पियानो सापडला तो एका व्यायामशाळेत, पाय नसलेला. त्याला खोक्यांचा आधार देऊन उभे केले आणि त्यावर वाजवणे सुरू झाले. उलमान १९४२च्या सप्टेंबरात इथे आला. दोन वर्षांत त्याने वीसहून अधिक रचना केल्या, त्यात पियानोच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या सोनाटा. चोविशीतल्या गिडेऑन क्लाइनने १९४३ साली इथेच आपली पियानो सोनाटा लिहिली. दहाएक मिनिटांचीच, पण इतकी घट्ट विणीची की पहिल्यांदा ऐकताना धाप लागते.

उलमानने आपल्या लेखात जे म्हटले त्याचा आशय असा: टेरेझिनने माझे सांगीतिक काम वाढवले, आम्ही नदीकाठी रडत बसलो नाही, आमची कलेची इच्छा आमच्या जगण्याच्या इच्छेइतकीच होती. सर या साक्षीपाशी थांबतात आणि विजयाने मान डोलावतात. मी त्यांना एवढेच विचारतो, या म्हणण्यातला कर्ता कोण? 'आम्ही'. उलमान कौतुक करतो आहे ते बरोबरच्या कैद्यांचे. छावणीतल्या ज्यूंच्या स्वतःच्या प्रशासनाने संगीताचा एक विभाग उभा केला, उलमानला त्यात काम दिले, म्हणजे त्याला दुसऱ्या अंगमेहनतीतून वाचवले. एडिथ क्राउससारखी पियानोवादक त्याची सहावी सोनाटा बसवायला तयार होती. ऐकायला उपाशी माणसे गर्दी करत होती. एवढ्या एकवटलेल्या वादकांचा आणि श्रोत्यांचा हा समाज तुरुंगाने जमवला हे खरे. पण तो मारण्यासाठी जमवला होता, वाजवण्यासाठी नाही. आणि यात एकांत कुठे आहे? टेरेझिनमध्ये एकेका माळ्यावर माणसे खेचाखेच भरली होती. सरांचा पहिला मुद्दा त्यांच्या तिसऱ्या साक्षीदारानेच निकालात काढला.

पण मला खरी धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 'इथे पाहा, कला कशी फुलली आहे' हे म्हणणारे पहिले लोक कोण होते? तुरुंग चालवणारेच. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पाहुणे टेरेझिन बघायला आले, तेव्हा नाझींनी रस्ते सजवले, गर्दी कमी दिसावी म्हणून आधीच हजारो लोकांना ऑशविट्झला पाठवले आणि पाहुण्यांना संगीत ऐकवले. पाठोपाठ चित्रपटही काढला. कैद्यांची प्रतिभा हे तुरुंगाचे प्रशस्तिपत्र म्हणून वापरण्याची युक्ती त्यांचीच. ऐंशी वर्षांनंतर, सगळे माहीत असताना, विश्रामबागेतल्या एका सहृदय माणसाने त्याच युक्तीला सभ्य भाषेत शब्द द्यावेत, हे मला सोसवत नाही. त्या पाहणीनंतर चार महिन्यांच्या आत, १६ ऑक्टोबरला, उलमान आणि क्लाइन दोघांनाही ऑशविट्झच्या गाडीत चढवले गेले. उलमानला पोचताच दोन दिवसांत मारले. क्लाइन पुढच्या जानेवारीत फ्युर्स्टेनग्रुबेला संपला, वय पंचवीस. उलमानने जाण्याआधी हस्तलिखिते ग्रंथपाल एमिल उटित्झकडे सोपवली म्हणून ती आपल्या हाती आहेत. त्यांतल्या सोनाटाच्या पानावर त्याने लिहून ठेवले आहे की सादरीकरणाचा हक्क हयात असेपर्यंत संगीतकाराकडे राखून ठेवला आहे. हा विनोद आहे. इतका काळा विनोद करणाऱ्या माणसाला छावणीबद्दल कृतज्ञ ठरवायला फार निरागस वाचक लागतो.

तुरुंगाची गोष्ट रचनेपेक्षा मोठी कशी होते, याचा नमुना ओलिव्हिए मेसियाँ. तो राजकीय कैदी नव्हे, युद्धकैदी; पण सरांनी त्याला यादीत घेतला आहे म्हणून बोलतो. पियानो, व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट यांच्यासाठी त्याने लिहिलेली चौकडी १५ जानेवारी १९४१ रोजी ग्योरलित्झच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत वाजली. मेसियाँ पुढे सांगायचा की पाच हजार कैदी ऐकत होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. चेलो वाजवणारा एतिएन पास्किए सांगत राहिला की बाबांनो, तारा चारही होत्या. आणि ती बराक काही शेकड्यांपेक्षा जास्त माणसांची नव्हती. चौकडीच्या आठ भागांपैकी दोन तर त्याच्या १९३०च्या दशकातल्या जुन्या रचनांवरून घेतलेले आहेत, आणि एकट्या क्लॅरिनेटचा भाग छावणीत पोचण्याआधीच तयार होता. रचना थोर आहे, वादच नाही. पण बघा, रचनेला चार तारा पुरेशा होत्या. दंतकथेला त्यातली एक तोडावी लागली. आणि कागद-पेन्सिली कुणी पुरवल्या? कार्ल-आल्बर्ट ब्र्युल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्याने. म्हणजे छावणीचा नियम पाळणाऱ्याने नव्हे. माणुसकीला जागलेल्या एका शिपायाने.

या उजेडात आता आपली घरची यादी वाचू. टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेत त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. पण गीतेचा हा अर्थ त्यांना मंडालेच्या भिंतीने सुचवलेला नाही. १९०२ साली नागपुरात ते यावर बोलले होते. बाहेर असताना 'केसरी'च्या धबडग्यात ग्रंथ झाला नसता, असे सर म्हणतील. 'ओरायन' १८९३चा आहे. तो कुठे लिहिला? बाहेरच. टिळकांना सवड हवी होती हे मी मान्य करतो, पण सवड आणि कोठडी या एकच वस्तू असत्या तर आपण प्रत्येक विद्वानाच्या दारावर पोलीस पाठवायला हवे होते. मंडालेत ग्रंथ झाला तो सरकारने पुस्तके आणि वह्या येऊ दिल्या म्हणून. आणि याच्या दुसऱ्या पानावर काय आहे? मधुमेहाने पोखरलेले शरीर, आणि १९१२ साली पुण्यात वारलेल्या पत्नी सत्यभामाबाई, ज्यांना शेवटचे पाहणेही टिळकांच्या नशिबी आले नाही.

सावरकरांना अंदमानात वही-पेन्सिलही नव्हती. 'कमला' त्यांनी भिंतीवर कोरून आणि पाठ करून जपली. सर याला 'तपश्चर्या' म्हणतात. त्याच तुरुंगात माणसांना बैलासारखे कोलूला जुंपत होते, हे सर विसरलेले नाहीत. फक्त त्यांच्या वाक्यात ते बसत नाही. कवितेला निदान पाठांतराचा आधार मिळाला. चार आवाजांचा फ्यूग पाठ करून दुसऱ्या कैद्याच्या कानात सांगता येत नाही.

हा फरक आम्हा मिरजेच्या शेजाऱ्यांना चटकन कळायला हवा. इथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याचा तंबोरा तयार होतो, पण गायकाचे खरे वाद्य गळ्यात असते. अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी ज्या गावात आहे तिथे हे सांगायची गरज नाही. खयाल गाणाऱ्याला कोठडीत टाकले तर तो मनात आलाप करील, नवी बंदिशही बांधील. पण त्याचा कागद उरणार नाही. समोर शिष्य नसेल तर ती त्याच्याबरोबर जाईल. म्हणजे 'तुरुंगाने संगीत दिले' हा सगळा हिशेब फक्त कागदावर उतरणाऱ्या आणि तो कागद वाचवणारा कुणी भेटलेल्या संगीताचा आहे. बाकीच्यांची नोंद कुठे ठेवायची? ज्याची नोंदच नाही त्याला सर तोट्यात धरत नाहीत, आणि मग नफा दिसू लागतो.

राहता राहिली यातना. यातनेने खोली येते म्हणणाऱ्यांना मी दोन पियानोवादकांची नावे देतो. अर्जेंटिनाचा मिगेल आंखेल एस्त्रेया, नादिया बूलाँजेचा शिष्य. १९७७च्या डिसेंबरात माँटेव्हिडिओत त्याला उचलले. छळ करणाऱ्यांना तो कोण आहे हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी हातांवर विशेष लक्ष दिले. हात तोडण्याच्या धमक्या दिल्या. पुढे तुरुंगात त्याला एक मुका कीबोर्ड मिळाला, आवाज न करणाऱ्या पट्ट्यांचा, आणि तो त्यावर बोटे फिरवत राहिला. विश्रामबागेत हल्ली कीबोर्डचे क्लास बरेच निघाले आहेत. तिथल्या एखाद्या मुलाच्या वाद्याची वायर काढून घ्या आणि रोज दोन तास वाजव म्हणून सांगा. चौथ्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर कोणती खोली येते ते सरांनी येऊन पाहावे. एस्त्रेया १९८० साली सुटला, कारण बूलाँजे, येहुदी मेन्युहिन आणि जगभरच्या अनेकांनी सरकारच्या नाकी नऊ आणले.

दुसरा पावेल कुशनीर. हे नाव सरांच्या टिपणात नाही, आणि नसण्याचे कारण सरळ आहे: त्याने तुरुंगात काहीच रचले नाही. रॅखमानिनॉफचे प्रील्यूड असे वाजवणारा वादक की ध्वनिमुद्रण ऐकून माणूस उठून उभा राहावा. रशियाच्या पार पूर्वेकडे बिरोबिजानच्या फिलहार्मोनिकमध्ये तो नोकरीला होता. युक्रेनवरच्या युद्धाविरुद्ध त्याने यूट्यूबवर काही चित्रफिती टाकल्या. पाहणारे बोटांवर मोजण्याइतके. २०२४च्या मे महिन्यात त्याला अटक झाली. जुलैअखेर, अन्नपाणी सोडलेल्या अवस्थेत, तो कोठडीत मेला. वय एकोणचाळीस. त्याचे ध्वनिमुद्रण जगाने ऐकले ते त्यानंतर. आता सांगा, एकांत होता, यातना होती, प्रतिभा तर होतीच. मग तुमच्या सिद्धान्तातली सोनाटा कुठे आहे? सिद्धान्त खरा असता तर कुशनीरने किमान एक पान मागे ठेवायला हवे होते. मागे राहिले ते त्याने मोकळे असताना वाजवलेले.

आणि हा प्रश्न फक्त रशियाचा नाही. कबीर कला मंचाचे शाहीर सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या जानेवारीत जामीन दिला, तेव्हा ते २०१३पासून, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ, खटला निकाली न लागता आत होते. आरोप खरे की खोटे हे न्यायालय बघेल. पण डफावर थाप टाकणाऱ्या माणसाची इतकी वर्षे अशी गेली की 'आत बसून गाणी तर सुचली असतील' म्हणणारा एक तरी सद्गृहस्थ भेटतोच. सरांचा सिद्धान्त व्याख्यानातून उतरून रस्त्यावर आला की तो असा दिसतो. एरवी ज्याची लाज वाटायला हवी, त्याबद्दल तो आपल्याला निर्धास्त करतो.

सांगलीला तुरुंगाबद्दल निराळे शिक्षण मिळालेले आहे. आमच्या गणेशदुर्गातल्या तुरुंगात घडलेली सर्वांत नाव घेण्याजोगी गोष्ट म्हणजे २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी तो फोडून बाहेर पडले. गोळीबार झाला, दादांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मे झाले. त्यांनी आत बसून चिंतन करावे, काही लिहावे, असे तेव्हा सांगलीत कुणाला वाटले नाही.

सांगलीतच जन्मलेले मनोहर आपटे, म्हणजे मोहन रानडे, गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात नेले, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी ते तिथेच होते. याच काशियासमध्ये १९३६ साली पोर्तुगालचा संगीतकार फेर्नांदु लोपेस-ग्रासा सालाझारच्या राजवटीचा कैदी होता. त्याची पियानोची पहिली सोनाटा १९३४ची, दुसरी १९३९ची. मधल्या कैदेला कुणी 'प्रेरणा' म्हटलेले माझ्या वाचनात नाही, आणि म्हणू नये.

रानड्यांसाठी मराठी संगीतातल्या एका माणसाने काय केले ते सरांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, म्हणून टिपणात ते नसण्याचे जास्त आश्चर्य. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी केली, वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या, दारे ठोठावली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ साली व्हॅटिकनला गेले तेव्हा त्यांनी पोपकडे रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९मध्ये रानडे सुटले. त्याच सुमाराला सोलच्या तुरुंगात इसांग यून होते, पश्चिम बर्लिनमधून दक्षिण कोरियाच्या हेरखात्याने पळवून नेलेले संगीतकार. आत असताना त्यांनी एक ऑपेरा लिहून पुरा केला, आणि सर त्याचा उल्लेख आदराने करतात. त्यांच्यासाठी स्ट्राविन्स्की आणि कारायानसह सुमारे दोनशे कलावंतांनी सह्या केल्या होत्या. तो उल्लेख सरांकडून राहिला. १९६९च्या फेब्रुवारीत न्युरेम्बर्गला तो ऑपेरा रंगमंचावर आला आणि त्याच महिन्यात यून मोकळे झाले. सही करणाऱ्यांपैकी कुणीही 'आणखी दोन वर्षे राहू द्या, दुसरा ऑपेरा होईल' असे म्हटले नव्हते.

तेव्हा सरांना माझी सूचना अशी. संगीत तेच राहू दे, टिपण बदला. झादेरात्स्कीच्या नावापुढे १९२६ साल लिहा आणि तेव्हा काय जाळले गेले तेही. उलमानच्या लेखातला आशय द्यायचा तर त्याखाली १६ ऑक्टोबर १९४४ ही तारीख द्या. मेसियाँच्या चेलोला चौथी तार परत करा. एक पान पावेल कुशनीरला द्या, आणि पुढच्या बैठकीला त्याचे रॅखमानिनॉफ लावा. मी स्पीकर घेऊन येतो.